फोटोत न दिसणारा हात

आठ-दहा दिवसांचं बाळ. दोन्ही कोपरं खाली टेकलेली, हनुवटी तळहातांवर, डोळे मिटलेले, ओठांवर पुसटसं हसू. हा फोटो तुमच्याही फोनवर कधीतरी आलाच असेल. पाय बेडकासारखे दुमडलेले असतात म्हणून स्टुडिओवाले याला ‘फ्रॉगी पोझ’ म्हणतात. ‘न्यूबॉर्न शूट’ची चौकशी करायला फोन केलात, तर नमुना म्हणून बहुतेक हाच फोटो पाठवतील.

आता गंमत बघा. नीट काम करणाऱ्या स्टुडिओत असा फोटो एका क्लिकमध्ये कधीच काढलेला नसतो. आधी एक फोटो काढतात. त्यात कुणीतरी वरून बोटांनी बाळाचं डोकं तोलून धरलेलं असतं. मग दुसरा. त्यात कुणीतरी बाळाची मनगटं आणि हनुवटी खालून धरलेली असते. नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो एकमेकांत मिसळायचे आणि धरणाऱ्याचे हात पुसून टाकायचे. दहा दिवसांच्या बाळाच्या मानेत स्वतःचं डोकं पेलायची ताकदच नसते, तर ते तळहातांवर कुठून पेलणार?

खरी अडचण पुढे होते. हात पुसलेला फोटो सगळीकडे फिरतो आणि हात असलेला फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्येच राहतो. मग कालपर्यंत लग्नाचे फोटो काढणारा आणि आज न्यूबॉर्नचा बोर्ड लावणारा फोटोग्राफर, किंवा घरातला हौशी मामा, तो फोटो पाहून बाळाला खरोखरच तसं बसवायला जातो. तिथे हात होता हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. या कामासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे विचारपूस करायची ती तुम्हालाच, आणि आजचा लेख त्यासाठीच आहे.

हा लेख मी तंजावरमधून लिहितेय, म्हणून गावचा एक किस्सा मधेच सांगते. भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ साली, कॅप्टन लिनियस ट्राइप नावाचा इंग्रज फोटोग्राफर आपला भलाथोरला कॅमेरा घेऊन इथे आला. मोठ्या देवळाच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या विमानाखालच्या जोत्यावर कोरलेला लेख त्याला पूर्ण टिपायचा होता आणि तो एका फोटोत मावणं शक्यच नव्हतं. त्यानं २१ फोटो काढले आणि एकाला एक जोडून जवळपास १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. फोटो जोडून एक चित्र करण्याची युक्ती आमच्या गावात इतकी जुनी आहे! त्याच सुमाराला युरोपात लहान मुलांचे फोटो काढताना आईला चादरीखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि मूल तिच्या मांडीवर देत. फोटोला तेव्हा काही सेकंद लागायचे, तोवर मूल हलू नये म्हणून. आज संग्रहालयांत ते फोटो पाहिले की चादरीखालचा आईचा आकार चटकन ओळखू येतो. तेव्हा आईला चादरीनं झाकायचे, आता सॉफ्टवेअरनं पुसतात. धरणारं माणूस मात्र तेव्हाही लागत होतं आणि आताही लागतंच.

म्हणून स्टुडिओ ठरवायच्या आधी फोनवर एकच प्रश्न विचारा. “फ्रॉगी पोझ तुम्ही कशी करता?” “दोन-तीन फोटो जोडतो, डोकं एका क्षणासाठीही सोडत नाही,” असं उत्तर आलं तर पुढचं बोला. “बाळ गाढ झोपलं की स्वतःच धरून ठेवतं,” असं कुणी म्हणालं तर आभार मानून फोन ठेवा. आणखी खात्री हवी असेल तर एडिट न केलेला, हात दिसणारा एखादा फोटो दाखवायला सांगा (दुसऱ्याच्या बाळाचा चेहरा झाकून दाखवला तरी चालेल). चांगल्या फोटोग्राफरला या मागणीचा राग येत नाही. उलट आपलं काम समजणारं गिऱ्हाईक भेटलं म्हणून बरं वाटतं. आणि तुमची भाषा मराठी, फोटोग्राफर तमिळ, असा प्रकार असेल तर स्टुडिओत जाण्याआधी एक वाक्य पाठ करून ठेवा. “कैयै एडुक्कादींग.” म्हणजे, हात काढू नका.

तंजावरची डोलणारी बाहुली आणि बाळाची मान

तंजावरची मान डोलावणारी बाहुली तुम्ही पाहिलीच असेल. तिचा जो प्रकार एकसंध असतो, तो कसाही ढकला, डुलत डुलत पुन्हा सरळ उभा राहतो. कारण त्याचं सगळं वजन तळाशी असतं. नवजात बाळाचं अगदी उलट असतं. त्याच्या एकूण लांबीचा जवळपास चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं आणि ते पेलणारी मान अजून कच्ची. बाळ एका बाजूला कललं की कलतच जातं.

त्यातही सगळ्यात जास्त लक्ष हनुवटीकडे द्यायला हवं. बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद आणि मऊ असते. डोकं पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की ती वाट दबते. शिवाय ही बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात, त्यामुळे गाल किंवा नाक मऊ फरमध्ये रुतलं तरी तोच त्रास. आपण समजतो की त्रास झाला तर बाळ रडेल, कळेल आपल्याला. पण श्वास अडलेलं बाळ रडू शकत नाही. ते गप्प होतं आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, किती शांत झोपलंय!

म्हणून बादलीत, टोपलीत, छोट्या खुर्चीत किंवा सिंहासनात बाळाला टेकवून बसवण्याचा प्रकार मला मुळीच आवडत नाही. फोटो गोड येतो, पण बसवलेलं बाळ घसरून पुढे मुडपतं. टोपली वापरायचीच असेल तर तिच्या तळाशी वजन ठेवून ती पक्की केलेली असावी, आत नीट बसणारी गादी असावी, बाळ त्यात आडवं असावं आणि एक माणूस टोपलीला हात लावून बसलेलं असावं. नंतर तो हात पुसता येतो. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये निदान एक बोट मावेल इतकी जागा दिसली पाहिजे, हे तुम्ही स्वतः वाकून बघा. झाडाच्या फांदीला टांगलेल्या झोळीतलं बाळ दिसतं ना, तेही खरं टांगलेलं नसतं. बाळ जमिनीवरच्या मऊ गादीवर असतं आणि फांदी वेगळ्या फोटोतून आलेली असते. कुणी खरोखर टांगायला निघालं तर तिथेच थांबवा. आपल्या घरची साडीची झोळी वेगळी. ती घट्ट बांधलेली असते, जमिनीपासून फार वर नसते, आणि तरीही आजी शेजारी बसून असते.

पालथं झोपवून काढलेल्या फोटोंचंही तसंच. बाळानं पाठीवर झोपावं हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला झोपेच्या वेळेसाठी आहे. फोटोपुरतं दोन मिनिटं पालथं ठेवलं तर तेवढ्या वेळात एका माणसाची नजर फक्त बाळाच्या नाकातोंडावर हवी. कॅमेऱ्यातून बघणारा माणूस त्यात धरायचा नाही, कारण तो फोटो बघत असतो.

ऊन, एसी आणि गुंडाळलेलं दुपटं

परदेशातल्या बहुतेक मार्गदर्शक व्हिडिओंमध्ये सांगतात, स्टुडिओ गरम ठेवा, हीटर लावा. त्यांच्या हवेत ते बरोबरच आहे. उघडं बाळ फार लवकर गार पडतं, कारण वजनाच्या मानानं त्याची त्वचा खूप असते आणि मोठ्या माणसासारखं कुडकुडून अंग गरम करणं त्याला जमत नाही. पण तंजावरात अग्निनक्षत्रम् चालू असताना, म्हणजे मे महिन्याच्या कडक उन्हात, तोच व्हिडिओ पाहून कुणी हीटर लावला तर काय होईल विचार करा. बाळाच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. खाली गेलं तर त्रास, वर गेलं तरी त्रासच. उघड्या बाळासाठी खोली २६ ते २८ अंशांच्या आसपास बरी. आपल्याला किंचित उकडतंय असं वाटेल, एवढी. एसीचा झोत थेट बाळावर नको. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते बऱ्याचदा गारच असतात. मानेच्या मागे किंवा पोटावर हात ठेवून बघा. तिथे घाम आला असेल, बाळ लालबुंद झालं असेल, तर आधी गुंडाळलेलं कापड सोडा, फोटो नंतर.

कापडाचं म्हणाल तर आपल्या आज्या बाळाला दुपट्यात गुंडाळतच आल्या आहेत. स्टुडिओतलं गुंडाळणं दिसायला तसंच, पण पुष्कळदा जास्त आवळलेलं असतं, कारण फोटोत ते गुळगुळीत दिसायला हवं असतं. छातीवर कापड इतकं सैल हवं की श्वासाबरोबर पोट वर-खाली होताना दिसलं पाहिजे. पाय ताणून सरळ बांधलेले नकोत, मांड्या दुमडून बाहेर पडतील एवढी जागा हवी. रोज तासन् तास पाय सरळ बांधून ठेवले तर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. स्टुडिओतल्या अर्ध्या तासानं तसं होणार नाही, पण तिथलं बघून घरी रोज तसंच बांधू नका. नाळ अजून पडली नसेल तर तिच्यावर घट्ट काही नको.

लोकरीच्या जाळीदार कापडांचे बारीक धागे सुटतात. असा एखादा धागा, किंवा आईचा केससुद्धा (बाळंतपणानंतर केस किती गळतात ते तुम्हाला माहीत आहेच), बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो. घरी आल्यावर कपडे बदलताना हातापायांची वीसच्या वीस बोटं सुटी करून बघा. बाळ कशानंच शांत होत नसेल, तर हे आधी बघा.

फोटोतला गोरेपणा

यावर मला थोडं स्पष्टच लिहायचंय. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुष्कळ बाळांना थोडी कावीळ होते. बहुतेकांची आपोआप उतरते, काहींना मात्र उपचार लागतात. स्टुडिओच्या पिवळसर दिव्यांत तो रंग कळत नाही आणि एडिट करताना तर सगळी बाळं दुधासारखी पांढरी-गुलाबी होऊन बाहेर पडतात. एक तर आपल्या सावळ्या बाळाला पांढरं करायचं कारणच काय? आणि दुसरं म्हणजे, फोटोतला पिवळेपणा काढला तरी बाळाचा जात नाही. स्टुडिओत जाण्याच्या दिवशी सकाळी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बाळाचे डोळे आणि त्वचा बघा. पिवळेपणा पोटापर्यंत, पायांपर्यंत उतरलेला दिसला, किंवा बाळ दूध प्यायलाही उठत नसेल, तर त्या दिवशी स्टुडिओ नको, दवाखाना. इथे राजा मिरासदार सरकारी रुग्णालय आहे, ते तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. तुमचे डॉक्टर खासगी असतील तर त्यांच्याकडे जा, पण त्याच दिवशी जा. “किती गुणी बाळ, झोपूनच असतं,” असं फोटोग्राफरला वाटू शकतं. तुम्हाला तसं वाटून चालणार नाही.

फ्लॅशची भीती मात्र मनातून काढून टाका. छत्रीतून किंवा पांढऱ्या कापडातून पसरून येणाऱ्या फ्लॅशनं बाळाचे डोळे बिघडत नाहीत. दिव्याचा स्टँड बाळावर कलंडण्याची भीती त्यापेक्षा खरी आहे. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी आहे का बघा, आणि बाळाच्या वर उभं राहून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा फोटोग्राफरच्या गळ्यात आहे ना, तेही.

आणि खोकणारा माणूस नको. फोटोग्राफर असो, मदतनीस असो, नाहीतर आपलीच मावशी असो. डांग्या खोकल्याची पहिली लस बाळाला दीड महिन्याला मिळते, तोवर ते त्याबाबतीत उघडंच असतं. कापडं प्रत्येक बाळानंतर धुतात का, हे विचारायला लाजू नका.

बारा दिवसांची घाई

“दोन आठवड्यांच्या आत आणा, नंतर पोझ मिळणार नाहीत.” हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. त्यात तथ्य आहे. पहिल्या पंधरवड्यात बाळं जास्त झोपतात, पोटातल्यासारखी मुडपून राहतात. पण याच दिवसांत बाळाचं जन्माचं वजन आधी थोडं घटतं आणि मग दहा-चौदा दिवसांत भरून येतं. दूध पाजण्याची घडी बसत असते. आईचं सिझेरियन झालं असेल तर टाके ओले असतात. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला बाहेर काढत नाहीत यावर आपण हसतो, पण स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर ती प्रथा एकदम शहाणपणाची वाटते! जायचंच असेल तर आईला टेकून बसायला खुर्ची, पाजायला आडोसा, आणि “बाळानं ठरवलं तेवढाच वेळ” ही कबुली आधीच घ्या. बाळ दर दोन-तीन तासांनी पिणार, मधेच शी-शू करणार, रडणार. तीन वेळा समजावूनही एखादी पोझ त्याला नको असेल तर ती सोडून द्यायची. पैसे भरलेत म्हणून चौथा प्रयत्न नको. वेळेआधी जन्मलेलं किंवा काचेच्या पेटीत राहून आलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीखच घेऊ नका.

बाळाचे उघडे फोटो स्टुडिओ आपल्या पानावर टाकणार की नाही, हेही आधीच लेखी ठरवून घ्या.

घरीच काढायचे असतील तर फार छान. सकाळी खिडकीजवळ जमिनीवर गादी घाला, बाळाला पाठीवर ठेवा, एक साधं सुती दुपटं पुरे. आणि माझा आवडता फोटो सांगू? आजी पाय पसरून बसलीय, नडग्यांवर बाळ, एका हातानं डोकं धरलेलं, दुसऱ्या हातानं तेल लावतेय. बाळाला असं पायांवर घेऊन न्हाऊ घालायची पद्धत मराठी घरांत आहे तशीच तमिळ घरांतही आहे. यात हात पुसायचा प्रश्नच नाही, फोटो त्या हातांचाच असतो. फक्त त्या क्षणी आजीला “इकडे बघा, हसा” म्हणू नका. तेलकट बाळ निसटतं.

राहिला बाळकृष्ण. मुकुट, मोरपीस, बासरी, लोण्याचा हंडा, हे सगळं दहा दिवसांच्या बाळाला घालून काढलेले फोटो सध्या खूप दिसतात. खड्यांचा मुकुट टाळूवर दाबतो, मोरपिसाचा दांडा डोळ्याजवळ येतो, चमकी श्वासातून आत जाते. पण तंजावर चित्रांतला सोन्याचा वर्ख लावलेला बाळकृष्ण एकदा नीट बघा. तो गुबगुबीत आहे, मान ताठ आहे, रांगतोय, लोणी हातात धरून बसलाय. तो दहा दिवसांचा नाहीच! आणि वडाच्या पानावर पडून पायाचा अंगठा चोखणारा जो आहे, ते तर पाच-सहा महिन्यांच्या बाळाचं काम. त्या वयात बाळं हे कुणी न शिकवता करतात. तोवर थांबा. हिरव्या रंगाची जुनी रेशमी साडी वडाच्या पानासारखी पसरा, बाळाला वर ठेवा आणि फोन तयार ठेवा. पाय तोंडात जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. साडी मात्र जमिनीवर अंथरा, पलंगावर नको. या वयात ती एका दमात कुशीवर वळून पालथी पडतात.